अर्ध्या घाण्यात

"काकू, तेवढं मशिन बंद कराल का? मला काही ऐकूच येत नाहीये."

कानांवर हेडफोन चढवलेला तो दाढीवाला माणूस हे तिसऱ्यांदा सांगत होता आणि मी तिसऱ्यांदा त्याला हातानंच थांब म्हणत होते. उखळातली मिरची अर्ध्यावर आली होती. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जात होती, आदळत होती, आणि त्या दोन आदळण्यांच्या मधल्या क्षणात माझी धाकटी जाऊ शालन लाकडी उलथनं घालून तळातली मिरची वर काढत होती. तोंडाला पदर बांधलेला, डोळ्यांतून धारा. माझ्याही डोळ्यांतून धारा. कॅमेऱ्यावरचा माणूस तर भिंतीला धरून खोकत होता.

"अर्ध्या घाण्यात डंक थांबवत न्हाईत," मी ओरडून सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बसा तिकडं. वीस मिनिटं लागतील."

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी अठ्ठ्याहत्तरची आहे. सकाळी चष्मा कुठं ठेवला ते संध्याकाळी आठवत नाही, पण त्या दिवशी त्या माणसाच्या शर्टावर कुठल्या रंगाच्या चौकटी होत्या ते सांगू शकेन.

मिरची कुटायच्या गिरणीला आमच्याकडे डंक म्हणतात. गडहिंग्लजला चौगुल्यांचा डंक म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नसे. होळी झाली की बायका वर्षाची मिरची घेऊन यायच्या. देठं खुडलेली, उन्हात कडकडीत वाळवलेली. धणे, जिरे, तीळ, खोबरं पुढच्या खोलीत मी भाजून द्यायची. मागच्या खोलीत उखळावर शालन. एका वेळी उखळात जेवढं मावतं तो एक घाणा. ज्या बाईची मिरची तिनं घाणा निघेपर्यंत उखळापाशी बसायचं, ही डंकाची रीत. आणि दुसरी रीत सासूबाईंनी घालून दिलेली: एकदा घाणा पडला की डंक थांबवायचा नाही आणि हात बदलायचा नाही. "हात बदलला की चटणीला दोन मनं लागतात," असं त्या म्हणायच्या. मी ते कधी तपासून पाहिलं नाही. तपासायचं असतं असं वाटलंच नाही.

दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतरानं गेले. माझी मुलगी बेळगावला दिलेली, शालनचा उदय पुण्याला नोकरीत. घरात आम्ही दोघी आणि डंक.

मग टीव्हीवाले आले. 'दोघी एका घरच्या' नावाचा कार्यक्रम होता. एका घरात नांदणाऱ्या दोन जावा शोधायच्या, चार दिवस त्यांच्या घरी कॅमेरे लावायचे, खेळ घ्यायचे, दोघींना वेगवेगळं बसवून एकमेकींबद्दल विचारायचं आणि मग लोकांनी एसेमेस करून त्यातली एक लाडकी जाऊ निवडायची. आमचं नाव कुणी कळवलं देव जाणे. ऋजुता नावाची मुलगी सगळं बघत होती. मुंबईची, केस कापलेली, बोलायला गोड. "काकू, तुम्ही फक्त रोजच्यासारख्या राहा, आम्ही इथे नाहीच आहोत असं समजा," असं म्हणायची आणि लगेच सांगायची, "तेवढं पुन्हा एकदा चालत याल का?"

शालनला हे नको होतं. "आपल्याला कोण बघणाराय अक्का?" एवढंच म्हणाली. मीच हट्ट केला. मला वाटलं, डंकाचं नाव होईल.

पहिल्या दिवशी साड्यांचा खेळ झाला. दोन साड्या ठेवल्या, एक हिरवी जरीची, एक साधी अबोली. थोरलीनं आधी उचलायची. मी हिरवी उचलली आणि सगळे हसले म्हणून मीही हसले. हिरवी मी शालनला देणार होते, संकष्टीला. ते कॅमेऱ्याला सांगावं असं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घाणा निघाल्यावर दाढीवाल्यानं डंक बंद करून घेतला. जमीन धुऊन काढली, दोन्ही दारं उघडली, पंखे लावले. कॅमेरेवाला म्हणाला, हवा साफ झाल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. तास-दीड तास त्यातच गेला. तोवर शालन आंघोळ करून जांभळी साडी नेसून आली. ऋजुतानं मला पुढच्या खोलीत बसवलं. "काकू, आता अजिबात आवाज नको हं." मी मिरचीची देठं खुडत बसले. आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती. अर्ध्या तासानं शालन बाहेर आली, डोळे पुसत.

"डोळं धू जा," मी म्हणाले. "तिखट लागलं वाटतं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि नळाकडं गेली.

महिन्यानं, गुरुवारी साडेसातला आमचा भाग लागला. टीव्ही पुढच्या खोलीत आणला होता. गल्लीतल्या वीस-बावीस बायका सतरंजीवर, दारात चपलांचा ढीग. आधी डंक दिसला. मुसळं आदळली तशा सगळ्या ओरडल्या, "आपला डंक!" मग मी तवा हलवताना दिसले. "अक्का बारीक दिसत्यात की टीव्हीत," कुणीतरी म्हणालं. मग साड्यांचा खेळ. माझा हात हिरव्या साडीवर झडप घालावा तसा पडला. झडप मी घातली नव्हती, पण तिथं तशी दिसली खरी. मग मी हसले. माझं हसणं मला अनोळखी वाटलं, दात फार दिसत होते.

आणि लगेच शालन. जवळून, नुसता चेहरा.

"अक्कांनी मला..." ती म्हणाली.

तिचा ओठ थरथरला. डोळ्यांतून पाणी आलं. सारंगीसारखं काहीतरी वाजायला लागलं. आणि जाहिराती.

वीस-बावीस माना माझ्याकडं वळल्या. मी शालनकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत.

"मिरची हो ती," मी म्हणाले. "डंकावरचं पाणी. होय का नाही गं शालन?"

"व्हय," शालन म्हणाली. "मिरचीच."

चहा झाला, तो सगळ्यांनी घेतला, पण एरवी कप आत आणून ठेवणाऱ्या बायका त्या दिवशी कप तिथंच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून डंकावर येणारी प्रत्येक बाई शालनच्या त्या अर्ध्या वाक्याचं उरलेलं अर्धं घेऊन यायला लागली.

बेबी देसाई आली. मोठ्या घरची सून, बोलायला फटकळ. मिरचीचं पोतं टेकवायच्या आधीच म्हणाली, "अक्का, एक साडी द्यायची की ओ तिला! आमच्या सासूबाई अशाच. वरची घडी त्यांची, खालची आमची. मी तीन एसेमेस टाकले शालनवैनींसाठी."

"अगं, साडीचं न्हाई ते. साडीचा खेळ आदल्या दिवशी झाला."

"टीव्हीत तर लगेच रडल्या."

"टीव्हीत लावलंय तसं."

"असं कसं लावतील? डोळ्यांनी बघितलं की आम्ही."

मी तिथं होते आणि तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

मग मास्तरीणबाई आल्या. त्यांचं म्हणणं, शालनला मी पोटभर जेवू घालत नसणार, तिच्या गळ्याची हाडं बघा. त्या स्वतः सासरी शिळ्यावर दिवस काढलेल्या. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईनं सांगितलं, डंक माझ्या एकटीच्या नावावर असणार, तेच दुःख. डंक दोघींच्याही नावावर नव्हता, अजून सासऱ्यांच्याच नावावर होता. पण तिच्या दिरानं तिचं दुकान लाटलेलं. प्रत्येकीच्या घरात जे खुपत होतं ते शालनच्या तोंडी बसत होतं, आणि गंमत म्हणजे बरोबर मापाचं बसत होतं.

मुल्लांची जैनबी मात्र हळू बोलायची. आपली मिरची पाखडता पाखडता ती म्हणाली, "माहेरला जाऊ दिलं नसेल कधी. तसंच असतं ते रडू. माझ्या चांगलं ओळखीचं आहे."

माझा भाजणीतला हात थांबला. तीळ करपले. जैनबीचे तीळ मी माझ्याकडचे भरून दिले.

रात्री जेवताना मी शालनला विचारलं, "तू पुढं काय म्हणाली होतीस गं? अक्कांनी मला, आणि?"

"आठवत न्हाई आता."

"असं कसं आठवत न्हाई?"

"लई बोलले. त्यातलं त्यांनी तेवढंच ठेवलं." तिनं ताटातला भात एका बाजूला केला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? लोक चार दिवस बोलतील. मिरची होती म्हणून सांगितलं की मी सगळ्यास्नी."

सांगत होती ती, हे खरं. ज्या बाईनं विचारलं तिला सांगत होती. आणि ती जितकं सांगेल तितक्या बायका माझ्याकडं रागानं बघत होत्या. बिचारी बोलूसुद्धा शकत नाही, असं.

शालन त्या आठवड्याची लाडकी जाऊ ठरली. बक्षीस म्हणून मिक्सर आला. डंकवाल्या बाईला मिक्सर! एरवी आम्ही पोट धरधरून हसलो असतो. तो खोक्यातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी उदयचा फोन आला. मीच उचलला.

"मोठी आई, ऑफिसमधल्या लोकांनी मला दाखवलं. माझी आई अख्ख्या महाराष्ट्रासमोर रडतेय आणि मला ठाऊक नाही."

"अरे, मिरची होती ती. तुझ्या आईलाच विचार."

शालननं फोन घेतला. "मिरची होती रे. काय खुळा का काय तू?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "रविवारी येतोय. मला घेऊन जातो म्हणतोय. कायमचं."

"आणि डंक?"

"त्याला काय डंकाचं."

मला सगळं कळत होतं. शालनशिवाय उखळ चालणार नव्हतं. दोन मुसळांच्या मधे हात घालायची तिची ती लय मला कधीच जमली नाही. ती गेली तर डंक जाणार, आणि एकसष्टाव्या वर्षी मी त्या घरात एकटी राहणार. आणि हे सगळं कशापायी? तर मिरचीच्या पाण्यापायी. मला वाटलं, एवढं एक उदयला पटवून दिलं की झालं.

शनिवारी दुपारी आमचा भाग पुन्हा लागला. शालन बाजारात गेली होती. मी एकटीच टीव्हीसमोर बसले. ठरवूनच बसले होते. उद्या उदयला सांगायचं होतं की बघ, मागं डंक चालू आहे, धूळ उडते आहे, अशात कोण रडणार नाही?

साड्या आल्या. मी हसले. शालन आली.

मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. तिच्या खांद्याच्या मागं बघितलं. मागं मुसळं होती. वर, बांधून ठेवलेली. उखळावर पांढरं फडकं. पट्टा ढिला लोंबत होता. जमीन धुतलेली, इतकी की तिच्यात दाराचा उजेड पडला होता. आणि शालनच्या अंगावर जांभळी साडी, नुकतीच घडी मोडलेली, एक लाल कण नाही.

तेव्हा मला दाढीवाला आठवला, पंखे आठवले, तो तास-दीड तास आठवला. सगळं मला ठाऊक होतं. मीच दारं उघडून दिली होती. तरी ती बाहेर आल्यावर मीच म्हणाले होते, तिखट लागलं वाटतं.

शालन बाजारातून आली, पिशवीतली भेंडी परडीत ओतली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती पुन्हा म्हणाली असती, मिरची होती. आणि मी पुन्हा मानलं असतं. मला त्या रात्री माझीच भीती वाटली.

रविवारी अकराला उदय आला. पाया पडला, पण बसला नाही. उभ्यानंच चहाचा कप घेतला.

"आई, बॅग भर."

"बस तर आधी," शालन म्हणाली. "रागानं काय आलायस? सतरांदा सांगितलं, मिरची होती. लहानपणी तूच म्हणायचास की, आमच्या घरात सगळे रडतात पण दुःख कुणालाच नसतं."

तो जरासा हसला. लहानपणी खरंच असं म्हणायचा. मग कप हातात धरून माझ्याकडं वळला. "मोठी आई, तुम्ही सांगा. मी तुम्हाला कधी खोटं बोलताना पाहिलेलं नाही. तुम्ही हो म्हणा, मी संध्याकाळच्या गाडीनं परत जातो."

शालन माझ्याकडं बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, म्हणा. एका होयचं काम होतं.

"मिरची नव्हती," मी म्हणाले.

"अक्का!"

"डंक बंद होता. जमीन धुतलेली होती. मी काल बघितलं."

बाहेर डंकाच्या पायरीवर कुणी बाई येऊन बसल्याचा आवाज झाला. मी तिला आतूनच, आज बंद आहे म्हणून सांगितलं. मग उदयला म्हणाले, "तू दुसरीत होतास. देसायांच्या घरचं लग्न होतं. बेबीचंच. त्यांची मिरची नुकती उखळात पडली होती. साडेअकरा झाले असतील. नेसरीहून तुझ्या मामाचा माणूस आला. तुझ्या आजीचं काही खरं नाही, सारखी शालनचं नाव घेतेय, असेल तशी पाठवा म्हणाला."

"अक्का, राहू द्या की आता."

"मी त्याला बसवलं. चहा दिला. म्हटलं, एवढा घाणा निघू दे. अर्ध्या घाण्यात हात कसा बदलायचा? आणि लग्नाची चटणी. पाऊण तास मी त्याला बसवून ठेवला. बाराची नेसरीची गाडी गेली. शालन बाहेर आल्यावर मी म्हणाले, हा आत्ताच आलाय. त्यालाही तसंच सांगायला लावलं." माझा आवाज मला साड्यांच्या खेळातल्या हसण्यासारखाच परका वाटत होता. "आम्ही पोचलो तेव्हा माणसं नदीवरून आंघोळ करून परत येत होती."

उदयनं कप खाली ठेवला.

"हे तिला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "आज सांगतेय."

"ठाऊक होतं," शालन म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्या माणसाच्या पायाशी कप होता. तुम्ही म्हणालात, आत्ताच आलाय. मी तो कप उचलून मोरीत ठेवला. तळाला चहा वाळून चिकटला होता. आत्ता आलेल्या माणसाचा कप असा असतो व्हय, अक्का?"

"मग तेवीस वर्षं बोलली का न्हाईस?"

"बोलायचं काय? रडत होते की तुमच्यासमोर. त्या महिन्यात तर रोज. तुम्ही म्हणायचा, डोळं धू."

उदय दाराकडं तोंड करून उभा होता. शालन माझ्याशी भांडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"त्या टीव्हीच्या पोरीनं इचारलं, थोरल्या जावेला आजवर सांगितलं न्हाई असं काय हाय? मला कुणी असं कधी इचारलंच नव्हतं. सगळं सांगितलं मी. कप, गाडी, नदी. तीसुद्धा रडली माझ्याबरोबर. मग म्हणाली, काकू फार छान झालं, पण लांबतंय, आणि लोकांना घाण्याचं कळायचं न्हाई. कापावं लागेल."

"मला का न्हाई सांगितलंस? टीव्हीला सांगितलंस ते?"

"वाटलं होतं, टीव्हीत बघून तुमास्नी कळंल." ती थांबली. "तर साडीच दिसली."

मग तिनं तिन्ही कप उचलले, मोरीत नेऊन धुतले, पालथे घातले. बॅग भरायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जाताना माझ्या पाया पडली, सणाला पडते तशी. मला कळेना, हे काय समजायचं. गाडीत बसताना म्हणाली, "मिक्सर तुम्हाला ऱ्हाऊ द्या."

तो हंगाम मी कोळिंद्रेच्या एका बाईला हाताशी धरून कसाबसा काढला. चटणी जाडी निघायची. गिऱ्हाईक कमी झालं. गल्लीत सुरुवातीला माझ्याशी कुणी बोलत नसे, मग कार्यक्रमात कऱ्हाडच्या दोन जावा आल्या, मग लातूरच्या. दिवाळीपर्यंत बेबी देसाई मलाच विचारू लागली, "अक्का, काल ती धाकटी रडली ती खरी का ओ? तुम्ही जाऊन आलाय त्यात, तुम्हाला कळत असेल."

मला कळत नव्हतं. पुण्याला मी दर पंधरा दिवसांनी फोन करायची. शालन बोलायची. पाऊस, उदयसाठी पाहिलेल्या मुली, गुडघे. डंकाचं तिनं विचारलं नाही, कपाचं मी काढलं नाही. ती रागावली आहे का, हे विचारायला तोंड उघडायची आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवायची.

पुढच्या होळीनंतर तिसऱ्या दिवशी पहिला घाणा पडायचा होता. देसायांचाच, बेबी मिरची घेऊन बसली होती. दारात रिक्षा थांबली. शालन उतरली, हातात तीच बॅग. पायरीवर चपला काढल्या, आत आली, मागच्या खोलीत डोकावली.

"उखळावर कोण हाय?"

"कोण न्हाई," मी म्हणाले. कोळिंद्रेची बाई शेतातल्या कामाला गेली होती, आज मीच बसणार होते.

तिनं पदर तोंडाला बांधला आणि बसली. इतकंच. किती दिवसांसाठी आली, का आली, काही नाही. बेबी मला कोपरानं ढोसत होती, विचारा की, विचारा की. मी मोटरचं बटण दाबलं.

मुसळं उठली, आदळली. शालनचा हात मधे गेला आणि बाहेर आला, एक वर्ष मधे गेलंच नाही असा. लाल धूळ वर चढली. मी पुढं जाऊन तीळ भाजायला हवे होते. गेले नाही. उखळाच्या अलीकडं, तिच्या समोर बसून राहिले. बेबीला ठसका लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शालनच्याही.

"डोळं..." मी म्हणाले आणि तिथंच थांबले.

तिनं वर बघितलं. डोळे लाल, पाणी गालावरून पदराच्या गाठीत उतरत होतं. माझ्या डोळ्यांतही तसंच असणार. ती माझ्याकडं बघत होती, पण त्या धुळीत मला काही म्हणता काही ओळखता येईना. उखळात मिरची बरोबर अर्ध्यावर आली होती.

मी उठले आणि बटण बंद केलं.

मुसळं एकदा आदळली, मग थांबली. इतकी शांतता त्या खोलीत हंगामात कधी नव्हती.

"अहो अक्का, काय करताय?" बेबी ओरडली. "माझी मिरची! अर्ध्या घाण्यात?"

"बस जरा," मी म्हणाले.

शालननं उलथनं खाली ठेवलं नाही. मी दोन्ही दारं उघडली आणि तिच्या समोर येऊन बसले. धूळ खाली बसायला वेळ लागतो. आम्ही दोघी उखळाच्या दोन बाजूंना बसून राहिलो, एकमेकींच्या डोळ्यांकडं बघत.